नाकापुढची तीस सेंटिमीटर हवा

काम करत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर, खांद्यांच्या पुढे, साधारण तीस सेंटिमीटर त्रिज्येचा एक अर्धगोल कल्पून बघा. आमच्या विषयात याला ब्रीदिंग झोन म्हणतात. इंडस्ट्रियल हायजिनच्या, म्हणजे कामाच्या जागेतले आरोग्याचे धोके ओळखून, मोजून रोखण्याच्या शास्त्राच्या, एमएस्सीत मी जे काही शिकतेय, त्यातलं बहुतेक सगळं शेवटी या अर्धगोलापाशी येऊन थांबतं. शेड किती उंच आहे, खिडक्या किती आहेत, छताला किती पंखे आहेत, या गोष्टी नंतरच्या. त्या माणसाच्या फुप्फुसात जी हवा जाते, ती या एवढ्याशा जागेतली असते.

मी मूळची केमिस्ट्रीची. बीएस्सीनंतर काही वर्षं एका प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम केलं. बाहेरून कोळसा भरलेल्या बारीक काचेच्या नळ्या यायच्या. आत कोळशाचे दोन भाग, पुढे १०० मिलिग्रॅम आणि मागे ५०. कुणीतरी कुठेतरी कामगाराच्या कॉलरला ती नळी लावून तिच्यातून पंपाने हवा ओढलेली असायची. मी दोन्ही भाग वेगवेगळे कार्बन डायसल्फाइडमध्ये भिजवायचे, मशीनला द्यायचे आणि बेंझिन किती, टोल्युइन किती ते लिहून द्यायचे. मागच्या भागात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडलं, तर पुढचा कोळसा भरून वाफ मागे गेली असं समजायचं. म्हणजे खरा आकडा माझ्या आकड्याहून मोठा असू शकतो. अशा वेळी रिपोर्टमध्ये 'ब्रेकथ्रू' असा शेरा लिहायचा आणि पुढची नळी घ्यायची. ती नळी कुणाच्या कॉलरवर होती, तो काय करत होता, त्या दिवशी एवढी वाफ का उठली, हे विचारायची सोय नव्हती. ते विचारता यावं म्हणून मी पुन्हा शिकायला आले.

विचारणं हे या विषयाचं मूळच आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि इतर वैद्यांना सांगितलं, की रोग्याला बाकीचे प्रश्न विचारता तसा 'तुम्ही काम काय करता?' हाही विचारा. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशावरच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती ॲलिस हॅमिल्टन. १९१० च्या सुमारास ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शिशाची विषबाधा शोधत हिंडत होती. बाथटबवर एनॅमल चढवणारा एक पोलिश कामगार गंभीर आजारी असल्याचं तिला हॉस्पिटलच्या नोंदीतून कळलं. ती कारखान्यात गेली. मॅनेजमेंटने आनंदाने सगळं दाखवलं. शिशाची धूळ कुठेच दिसली नाही. मग ती त्या कामगाराच्या घरी गेली, तेव्हा उलगडा झाला: तिला दाखवलं होतं ते शेवटचं हात फिरवण्याचं काम होतं. खरं एनॅमलिंग दुसऱ्याच ठिकाणच्या कारखान्यात चालायचं. पुढे १९१९ मध्ये ती हार्वर्डच्या अध्यापकवर्गातली पहिली स्त्री झाली, ते मोठंच आहे. तरी मला त्या घरभेटीचं महत्त्व जास्त वाटतं. कारखान्याने जे दाखवलं आणि कामगार जिथे श्वास घेत होता, या दोन जागा वेगळ्या होत्या, आणि ते सांगणारा माणूस घरी अंथरुणावर होता.

कोर्समध्ये टॉक्सिकॉलॉजी (विषांचा अभ्यास) आहे, एपिडेमिऑलॉजी (लोकसमूहांतल्या रोगांचा अभ्यास) आहे, आवाज, उष्णता, किरणोत्सर्ग, एर्गोनॉमिक्स आहे. प्रत्येकावर स्वतंत्र लिहिता येईल. मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते धुळीने.

डोळ्यांना दिसते ती धूळ सहसा सगळ्यांत घातक नसते. मोठे कण नाकात, घशात अडकतात, शिंकेतून किंवा कफातून बाहेर पडतात. फुप्फुसाच्या अगदी तळाशी, वायुकोशांपर्यंत जे पोचतात ते काही मायक्रोमीटरचे. नमुना घेताना आम्ही जी 'रेस्पिरेबल' धूळ वेगळी काढतो, तिची व्याख्याच अशी आहे, की चार मायक्रोमीटरचे निम्मे कण तिच्यात धरले जातात, त्याहून बारीक कण जास्त, जाडे कण कमी. एक मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला बारा तासांच्या आसपास घेतो, आणि कारखान्यात हवा कधी स्थिर नसते. म्हणजे सकाळी उडालेली धूळ संध्याकाळी अजून तिथेच तरंगत असते, फक्त दिसत नाही. 'आज धूळ नाही' असं कुणी म्हणालं, की मी आधी टॉर्च मागते. शेड अंधारी असेल तर टॉर्चचा झोत आडवा टाकून, त्याच्या पलीकडून प्रकाशाच्या दिशेने बघायचं, म्हणजे झोतात तरंगणारी धूळ उजळते. तीही सगळी नाहीच, पण 'नाही' म्हणणाऱ्याला दाखवण्यापुरती पुरते.

त्या धुळीत क्वार्ट्झ (वाळूत असते ती स्फटिकरूप सिलिका) असेल तर गोष्ट आणखी गंभीर. वायुकोशांतल्या सफाई करणाऱ्या पेशी तो कण गिळतात, पचवू शकत नाहीत आणि स्वतः मरतात. कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. प्रत्येक फेरीत दाह होतो, जखम भरते, व्रण उरतो. हा सिलिकॉसिस. उलटवता येत नाही, काम सोडल्यावरही पुढे सरकू शकतो आणि क्षयाचा धोका वाढवतो. अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेने २०१६ मध्ये आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम केली. एका शिफ्टमध्ये कामगार साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो असं धरलं, तर हे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम होतं. अर्धा मिलिग्रॅम क्वार्ट्झ बोटावर घेतला तर आहे की नाही, हेही नीट कळणार नाही.

आता नमुना घेण्याबद्दल, कारण पुस्तकात हा भाग दोन पानांत संपतो आणि प्रत्यक्षात सगळा विषय त्यातच आहे.

साच्यात ओतून घडवलेल्या भागांच्या, म्हणजे कास्टिंगच्या, कडा घासून साफ करणाऱ्या एका ग्राइंडिंग विभागात आम्ही नमुने घेत होतो. कमरेच्या पट्ट्याला पंप, तिथून पाठीवरून खांद्यावर आलेली नळी, आणि कॉलरच्या हाडाजवळ क्लिप केलेला छोटा सायक्लोन. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते, जाडे कण बाहेर फेकले जाऊन खालच्या टोपणात पडतात, बारीक कण वर जाऊन फिल्टरवर बसतात. दहा मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर हवा लागते. प्रवाह वाढला तर तो जास्त कण बाहेर टाकतो आणि आकडा खोटा कमी येतो. प्रवाह घटला तर जाडे कण फिल्टरवर चढतात आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून पंप लावण्याआधी कॅलिब्रेट करायचा, म्हणजे त्याचा प्रवाह मोजून पक्का करायचा, काढल्यावर पुन्हा करायचा आणि दोन्हीत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर तो नमुना बाद समजायचा. शिफ्ट संपल्यावर सायक्लोन उलटा होऊ द्यायचा नाही, नाहीतर टोपणातली जाडी धूळ फिल्टरवर सांडते. जेवायला बसताना कामगाराने पट्टा काढून बाकावर आडवा टाकला की माझा जीव वर-खाली होतो.

ज्या काकांच्या कॉलरवर सायक्लोन लावला, ते डावखुरे होते. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या ग्राइंडरमधून ठिणग्या आणि धूळ ज्या बाजूला उडतात, त्याच्या नेमक्या उलट बाजूला यांच्या उडत होत्या. बाजूचा धूळ ओढून घेणारा सक्शन हूड उजव्या हाताचा विचार करून बसवलेला. त्यामुळे धुळीचा झोत हूडकडे न जाता काकांच्या गालावरून खांद्याकडे जायचा. मी सायक्लोन त्या बाजूच्या कॉलरवर लावला. काका म्हणाले, "मॅडम, या बाजूला लावलंत ते बरं केलंत. माझी मिशी याच बाजूने पांढरी होते." त्याच विभागात भिंतीजवळ, माणसाच्या उंचीवर, एक नमुना स्टँडवरही चालू होता. निकाल आले तेव्हा काकांच्या कॉलरवरचा आकडा भिंतीजवळच्या आकड्याच्या कितीतरी पट होता. शेड तीच, शिफ्ट तीच. भिंतीजवळचा रिपोर्ट एकटा ठेवला असता तर तो विभाग सुरक्षित ठरला असता.

शिफ्टच्या शेवटी अजून एक गोष्ट दिसली. लगेच वाचन देणारा छोटा डस्ट मीटर मी सोबत ठेवते. दिवसभर तो वर-खाली होत होता. सुटीच्या आधी काकांनी कॉम्प्रेस्ड एअरची नळी घेऊन अंगावरचे कपडे झटकायला सुरुवात केली, आणि स्क्रीनवरची रेघ एकदम उभी चढली. काही मिनिटांचं काम, पण दिवसभराच्या डोसमध्ये त्याचा वाटा मोठा. कुणी सांगितलं नाही म्हणून ते नोंदलं जात नाही, आणि नोंदलं नाही म्हणून दुरुस्त होत नाही. इथे कॉम्प्रेस्ड एअरच्या जागी अतिबारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम देणं, ही माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत आधी करायची गोष्ट. माझ्या वहीत आकड्यांपेक्षा अशा ओळी जास्त असतात: कोण कुठे उभा, वारा कुठून, हूड किती लांब, झाडू कोरडा की ओला.

स्टॅटिस्टिक्सचा पेपर सुरुवातीला माझ्या वर्गातल्या अनेकांना जड गेला, पण डोळे उघडले ते त्यानेच. एकाच माणसाचं, एकाच कामावरचं एक्स्पोजर, म्हणजे त्याच्या वाट्याला येणारी धूळ किंवा वाफ, रोज बदलतं आणि त्याचा आलेख मधोमध फुगलेला, दोन्हीकडे सारखा उतरणारा नसतो. बरेचसे दिवस खालच्या बाजूला आणि थोडे दिवस खूप वर, अशी त्याला उजवीकडे लांब शेपटी असते. म्हणून आम्ही आकड्यांचे लॉगरिदम घेऊन हिशेब करतो, आणि सरासरीपेक्षा ९५ वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले ९५ दिवस ज्याच्या खाली येतात तो आकडा, कुठे पडतो ते बघतो. एका दिवसाचा नमुना मर्यादेच्या खाली आला, तर कदाचित त्या दिवशी आपण आलेखाच्या बुटक्या भागात उभे होतो, इतकंच. युरोपच्या ईएन ६८९ या मानकात तीनच नमुन्यांवर निर्णय द्यायचा असेल, तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागापेक्षा कमी यावे लागतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अतिसावध वाटलं. गणित मांडून बघितल्यावर पटलं.

एका ठिकाणी (नाव सांगणार नाही) आम्ही पोचलो तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "आज ऑर्डर कमी आहे, लाइन हळू आहे, आजच सगळं उरकून घ्या." त्यांना वाटत होतं की ते आमची सोय करतायत. आमच्या प्राध्यापकांनी शांतपणे पंप गाडीत परत ठेवायला सांगितले आणि ऑर्डर भरलेल्या दिवसाची तारीख मागून घेतली. मोजायचं ते माणसाच्या जास्तीत जास्त वाईट दिवसाचा अंदाज यावा म्हणून. कागद भरण्यासाठी मोजायचं असेल तर पंप न लावलेलाच बरा, कारण चांगला दिसणारा खोटा आकडा पुढची अनेक वर्षं त्या विभागात काहीच बदलू देत नाही.

आणि मर्यादा म्हणजे तरी काय? बेंझिन घ्या. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या तज्ज्ञसंस्थेची बेंझिनसाठीची शिफारस १९४६ मध्ये १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) होती. १९९७ मध्ये ती ०.५ झाली. बेंझिन तेच, माणसाच्या हाडांतला मगज तोच. मधल्या काळात बदललं ते आपलं ज्ञान, आणि ते ज्ञान ल्युकेमिया झालेल्या कामगारांच्या शरीरांतून आलं. ती संस्था स्वतःच सांगते, की या मर्यादा म्हणजे सुरक्षित आणि धोकादायक यांच्यामधली काटेकोर रेघ नाही. त्यात त्या आठ तासांच्या दिवसासाठी बांधलेल्या. बारा तासांची शिफ्ट असेल तर ब्रीफ आणि स्कॅला यांच्या सूत्राने मर्यादा थेट निम्मी होते: विष दीडपट वेळ आत जातं आणि शरीराला ते बाहेर टाकायला सोळाऐवजी बाराच तास मिळतात. एकाच अवयवावर परिणाम करणारी तीन सॉल्व्हंट (इतर पदार्थ विरघळवणारी रसायनं) प्रत्येकी आपापल्या मर्यादेच्या निम्म्यावर असतील, तर बेरीज दीड होते आणि तो माणूस मर्यादेबाहेर जातो, जरी तिन्ही रिपोर्ट वेगवेगळे बघितले तर हिरवे दिसले तरी. प्रयोगशाळेत असताना मी असे तीन-तीन आकडे एकाखाली एक लिहिले आहेत. त्यांची अशी बेरीज करायची असते, हे तिथे मला कुणी सांगितलं नव्हतं.

व्हेंटिलेशन हा माझा आवडता विषय झाला, याचं मलाच आश्चर्य वाटतं. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून बघा. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकलेली हवा झोत बनून पुढे जाते, तोंडाच्या व्यासाच्या तीसपट अंतरावर तिचा वेग दहा टक्के उरतो. ओढलेली हवा सगळ्या दिशांनी येते, म्हणून एका व्यासाएवढ्या अंतरावरच वेग दहा टक्क्यांच्या आसपास घसरतो. कारखान्यात जे हूड असतात, ते ओढतात. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या डक्टने (हवा ओढायच्या पाइपने) वेल्डिंगचा धूर पकडायला धुराजवळ सेकंदाला अर्धा मीटर वेग हवा असं धरू. डक्टचं तोंड धुरापासून पंधरा सेंटिमीटरवर असेल तर सेकंदाला ०.१२ घनमीटर हवा ओढावी लागते. तेच तोंड तीस सेंटिमीटरवर नेलं तर ०.४६. अंतर दुप्पट, हवा जवळपास चौपट. म्हणून हूड जवळ ओढणं हे मोठा ब्लोअर घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं, आणि फुकटही.

पण हूड जवळ असला की काम करताना आडवा येतो. कामगार तो ढकलून बाजूला करतो आणि मग 'हे लोक वापरतच नाहीत' असं ऐकवलं जातं. मी अशा प्रत्येक ठिकाणी बघते: हूडचा हात एका बोटाने हलतो का, हलवला तिथे थांबतो का, की स्प्रिंग ढिला होऊन परत खाली येतो? डोकं आपटतं का? जॉब फिरवताना अडतो का? उत्तरं बहुतेक वेळा हूडविरुद्ध जातात. त्याहून वाईट म्हणजे टाकीवर छत्रीसारखा टांगलेला हूड. कागदावर छान दिसतो: वाफ वर जाते, हूड वर ओढतो. पण जो माणूस वाकून टाकीत भाग बुडवतो, त्याचं डोकं टाकी आणि हूड यांच्या मध्ये असतं. सगळी वाफ त्याच्या नाकावरून वर जाते. तो हूड जितका जोरात चालेल तितकी जास्त. तिथे टाकीच्या काठाला आडवी फट ठेवून बाजूने ओढायला हवं. एवढा मोठा खर्च करून माणसाचं तोंड विषाच्या वाटेत ठेवणाऱ्या या रचनेचा मला खरंच संताप येतो, कारण ती बसवणाऱ्याने एकदा तरी त्या माणसाला वाकताना बघायला हवं होतं.

मास्कचं प्रकरण मी मुद्दाम व्हेंटिलेशनच्या नंतर ठेवलंय, कारण धोका रोखायच्या उपायांच्या क्रमवारीत ते शेवटीच आहे. आधी घातक पदार्थच काढून टाकता येतो का, नाही तर बदलता येतो का, नाही तर बंदिस्त करता येतो का, ओढून घेता येतो का, मग कामाच्या पद्धती, आणि सगळ्यात शेवटी नाकावर काहीतरी बांधणं. प्रत्यक्षात अनेक जागी सुरुवातच तिथून होते. नीट बसलेल्या अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कने आतल्या हवेतलं धुळीचं प्रमाण बाहेरच्या दहाव्या भागाइतकं होतं असं धरतात. आठ तासांत घाम पुसायला, बोलायला, पाणी प्यायला, श्वास मोकळा घ्यायला मिळून कामगाराने तो मास्क धुळीतच एकूण ४८ मिनिटं काढला, म्हणजे शिफ्टचा दहावा भाग. हिशेब करा: नव्वद टक्के वेळ दहावा भाग, दहा टक्के वेळ पूर्ण. बेरीज १९ टक्के. संरक्षण दहापट होतं ते पाचपटीवर आलं. दाढीचे एक-दोन दिवसांचे खुंटही मास्कची कड सुटायला पुरतात, म्हणून फिट टेस्ट करायची असते, प्रत्येक माणसाची, त्याच्याच मास्कवर. तापलेल्या भट्टीशेजारी आठ तास तो मास्क लावून उभं राहायला सांगणाऱ्याने आधी स्वतः तासभर उभं राहावं. मास्क वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही कामांत त्याला पर्याय नाही. पण तो दिला की सगळी जबाबदारी कामगाराच्या चेहऱ्यावर बांधली जाते, आणि मशीनला कुणी हात लावत नाही.

आवाजाबद्दल थोडंच सांगते. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट. कान आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातो, त्यामुळे माणसाला आवाज येतो पण 'सात' म्हटलं की 'हात' म्हटलं हे कळत नाही, आणि घरचे म्हणतात लक्ष देत नाहीत. टोल्युइनसारखी सॉल्व्हंट स्वतःच कानाला इजा करतात, आवाजासोबत असतील तर आणखी.

एपिडेमिऑलॉजीच्या तासाला एक गोष्ट ऐकली ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशकाच्या कारखान्यात कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुलं होत नाहीयेत. तपासण्या झाल्या, डीबीसीपी या रसायनाने शुक्राणू नष्ट होत होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत वृषणांवर परिणाम दिसल्याचं १९६१ मध्येच छापून आलेलं होतं. सोळा वर्षं ती माहिती कागदावर होती आणि कामगारांपर्यंत पोचली ती त्यांच्या स्वतःच्या घरांतून. १९७४ मध्ये व्हिनाइल क्लोराइडचंही असंच: यकृताचा एक अतिशय दुर्मीळ कॅन्सर एकाच कारखान्यातल्या अनेक कामगारांत दिसला, आणि दुर्मीळ होता म्हणूनच डॉक्टरच्या नजरेत भरला. तोच जर फुप्फुसाचा नेहमीचा कॅन्सर असता तर गर्दीत हरवला असता. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) तर वीस ते चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर माणूस निवृत्त झालेला, कारखाना विकलेला, हजेरीपुस्तकं रद्दीत.

मुळावर घाव घालता येतो याचेही पुरावे आहेत, आणि ते मी मुद्दाम लक्षात ठेवते. काड्यापेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसने जबड्याचं हाड कुजायचं. १९०६ च्या बर्न करारात त्यावर बंदीचं ठरलं आणि हळूहळू तो रोग नाहीसा झाला. आता किचन ओट्यासाठीच्या कृत्रिम दगडाचा प्रश्न आहे. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वरही असते, आणि तो कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना काही वर्षांतच सिलिकॉसिस होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो दगड वापरायलाच बंदी घातली. पाणी मारा, हूड लावा, मास्क घाला, हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी ठरवलं की हा माल नको. क्रमवारीतली पहिली पायरी खरोखर चढता येते.

ग्राइंडिंगच्या काकांना त्यांचा निकाल मी स्वतः जाऊन सांगितला. कामगाराला त्याचा आकडा त्याला कळेल अशा भाषेत सांगणं, हे आमच्या व्यवसायाच्या नीतिनियमांत आहे, आणि मला ते सर्वांत पवित्र वाटतं. हूड फिरवून डाव्या बाजूला घ्यायचं काम तोवर झालं होतं, व्हॅक्यूमचीही ऑर्डर गेली होती. काकांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, "हे आत्ताचं झालं. मी इथे लागलो तेव्हा तर हूडच नव्हता. तेव्हा किती असेल, ते काढता येतं का?"

येतं, अंदाजाने. माझा प्रबंध आता त्यावरच आहे. जुन्या मोजण्या असतील तर त्या, नसतील तर जुना लेआउट, मशीनची खरेदी, कोणत्या वर्षी साच्यांची वाळू बदलली, कधी ओलं ग्राइंडिंग सुरू झालं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या वेळी तिथे उभे असलेल्यांची आठवण. हे सगळं एकत्र करून कामाचा प्रकार आणि वर्ष यांचा तक्ता बांधायचा, प्रत्येक चौकटीत एक्स्पोजरचा अंदाज आणि त्या अंदाजाची खात्री किती तेही लिहायचं. निवृत्त झालेल्यांना भेटायला मी कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन जाणार आहे. शेडचा नकाशा त्यांनीच काढायचा, आणि आपण कुठे उभे राहायचो तिथे फुली मारायची. पहिली भेट काकांच्या आधी त्याच मशीनवर असलेल्या एका आजोबांची ठरली आहे. तेही डावखुरे होते का, हे मला आधी विचारायचं आहे.